गळक्या नळाखालचा नेचा

दहा मार्च, सकाळी आठ वाजता ओल्या गोणपाटातून तीन ओबडधोबड गड्डे या परसात उतरले. मित्रांनो, त्यांतला मधला गड्डा म्हणजे मी. मी एक जुना नेचा आहे. मला फूल येत नाही, फळ धरत नाही. माझे सारे वैभव पानांचे. वसंतात ती घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली वर येतात, उलगडत माणसाच्या छातीपर्यंत पोहोचतात आणि थंडी पडताच सगळी गळून जातात.

या घरचे गृहस्थ प्लंबर आहेत. त्यांच्या पत्नीने मला आपल्या थोरल्या बहिणीच्या परसातून आणले. बहीण वारली होती, घर विकले गेले होते आणि परसावर फरशी बसणार होती.

“ताईचं एवढंच उरलंय,” त्या म्हणाल्या.

“अगं, ही लाकडं तर चुलीतसुद्धा पेटायची नाहीत!” प्लंबर म्हणाले, पण खड्डे त्यांनीच खणले.

कडेच्या कोरड्या मातीत लावलेले माझे दोन्ही सोबती पहिल्याच वर्षी गेले. मी मात्र परसातल्या गळक्या नळाखाली होतो. गावभरचे नळ दुरुस्त करणाऱ्या प्लंबरांना स्वतःच्या नळाला हात लावायला कित्येक वर्षे सवड झाली नाही. त्यांच्या त्या आळसावर मी पोसलो, ऐसपैस वाढलो. येणारेजाणारे थांबून माझे कौतुक करीत.

एकदा शेजाऱ्यांनी टोमणा मारला, “काय हो, प्लंबरच्याच घरी गळका नळ?”

तो चांगलाच झोंबला. ऐन उन्हाळ्यात प्लंबरांनी नवा वॉशर बसवला. थेंब थांबला आणि माझी पाने कडेने करपू लागली.

“अहो, नेचा वाळतोय.”

“दरवर्षीच झोपतो तो.”

“थंडीत झोपतो! आत्ता आपण पंखा लावून बसलोय.”

मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. माझी झोप आणि माझे मरण बाहेरून सारखेच दिसते.

प्लंबर उठले. त्यांनी माझ्या बुडाशी बोट खुपसले. ते कोरडेच निघाले. बराच वेळ ते त्या बोटाकडे पाहत राहिले. मग नळ खोलून त्यांनी नव्याकोऱ्या वॉशरला बारीक खाच पाडली.

“उभा जन्म गळती बंद करण्यात गेला,” ते पुटपुटले, “आता स्वतःच्या हातानं लावतोय.”

“कुणी विचारलं तर सांगा, बायकोनं बिघडवला.”

“छे! बायकोनं बिघडवलेला नळ इतका बेतानं गळतो होय?”

त्या हसल्या, पण डोळे माझ्यावरच होते. तोवर माझे शेवटचे पानही गळून पडले होते. थंडीभर त्या रोज सकाळी येऊन माझ्या बुडाची माती चाचपून पाहत.

मित्रांनो, एखादी गोष्ट नीटनेटकी करण्यापूर्वी तिच्या आधाराने कोण जगत आहे, हे कृपा करून वाकून पाहा.

पुढच्या वसंतात मला नवी पाने आली. संख्या : चार.