बिनकार्डाचा मोबाईल

मित्रांनो, मी सांगवीच्या सिंधुबाईंचा जुना मोबाईल. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि त्यावर चिकटपट्टी आहे. आवाज वाढवायचं बटण दाबलं की मी भलताच फोटो काढतो, असा घरच्यांचा आरोप आहे. तो खोटा नाही. माझ्या पाठीवरची बॅटरी, म्हणजे उजेड, तेवढी अजून शाबूत आहे.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला, पण मला खरं आठवतं ते बारामतीचं दुकान. सहा वर्षांपूर्वी सिंधुबाईंची लेक मोना लग्न होऊन इंदापूर तालुक्यात, कळंबला गेली. त्याच आठवड्यात तिच्या भावानं, सुयोगनं, मला आईसाठी विकत घेतलं. घरी आल्या आल्या सिंधुबाईंनी मला हळदीकुंकू लावलं. त्यातला कुंकवाचा एक कण माझ्या चार्जिंगच्या भोकात बसला, तो अजून तिथंच आहे.

अडचण एकच होती. आमच्या कार्डाची रेंज घरात येत नसे. ती मिळायची दोडक्याच्या मांडवापलीकडे, कालव्याच्या भरावावर. म्हणून रोज संध्याकाळी धारा काढून झाल्या की सिंधुबाई मला पदरात गुंडाळून भरावावर जायच्या. तिथं पाच मिनिटं मोनाशी बोलणं व्हायचं. फोन संपायचा, पण मी काही कानावरून खाली यायचो नाही.

कारण तेवढ्यात पलीकडून कौसल्याबाई यायच्या. या सिंधुबाईंच्या थोरल्या जाऊबाई. सिंधुबाईंचे मालक भीमाआबा आणि कौसल्याबाईंचे मालक झुंबरराव या दोघा भावांचं कालव्याच्या चारीतून शेताला येणाऱ्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं होतं आणि चार वर्षांपासून दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद होतं. बायका भांडल्या नव्हत्या, पण त्यांना विचारतो कोण? मग दोघी भरावावर हातभर अंतर ठेवून बसायच्या, आपापला मोबाईल कानाला लावायच्या, नजर समोर उसात ठेवायच्या आणि एकमेकींशी बोलायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघींना रेंज छान मिळाली आहे.

काय काय ऐकलं मी त्या दिवसांत! गुडघ्यांची दुखणी, बिघडलेलं लोणचं, कौसल्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. कधी हसू दाबताना सिंधुबाईंचा हात थरथरायचा आणि मी गालावर आपटायचो. माझं आयुष्यातलं सगळ्यात मोलाचं काम मी फोन बंद असताना केलं.

मग गावातल्या शाळेजवळ दुसऱ्या कंपनीचा टॉवर उभा राहिला. सुयोग म्हणाला, नवा मोबाईल घेऊ, कंपनीही बदलू, घरात फुल्ल रेंज येईल. सिंधुबाईंनी एकेक सबब काढली. नंबर बदलेल म्हणाल्या, तर सुयोगनं सांगितलं, नंबर तोच राहतो. नवा हाताळता येणार नाही म्हणाल्या, तर तो शिकवायला तयार. शेवटी त्या म्हणाल्या, "ह्यो चाललाय की अजून. त्याला काय झालंय?" मी फुगून गेलो. बाईंचा माझ्यावर केवढा हा जीव, असं मला वाटलं. खुळाच होतो मी.

एके दिवशी संध्याकाळी भरावावर पोचताच माझ्या अंगात एकामागून एक सात मेसेज शिरले. सकाळपासून कळंबहून सात फोन येऊन गेले होते. सिंधुबाईंनी लगेच उलट फोन लावला. मोनाला सातवा महिना होता. तिला चक्कर आली होती, दवाखान्यात नेलं होतं, आणि आता ती बरी होती. पण दिवसभर ती आई, आई करत राहिली आणि आई घरात दोडके निवडत होती.

कौसल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बदल बाई तो फोन," त्या म्हणाल्या. "पोरगी मोठी का आपल्या गप्पा?"

"आन मग अक्का, तू दिसायची कवा?"

शेवग्याच्या शेंगांची पिशवी जावेकडे सरकवून कौसल्याबाई उठल्या.

सुयोगनं कंपनी बदलायचा मेसेज पाठवला, दुकानात आईचा अंगठा उमटवून आणला. काही दिवसांत माझं कार्ड मुकं झालं. नवं कार्ड नव्या मोबाईलमध्ये बसलं आणि मी फळीवर, हिशेबाच्या वह्यांमागे गेलो. त्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण चुलीपाशी मोनाचा आवाज खणखणीत ऐकू येऊ लागला आणि माझा राग उतरला.

पहिल्या संध्याकाळी सिंधुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या संध्याकाळी दोनदा आल्या. भरावावर जायला आता कारणच उरलं नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी चपला घातल्या. बाजेवर बसलेल्या भीमाआबांनी विचारलं, "कुठं? मोबाईल तर हितंच हाय."

"मोबाईल आता घरात लागतोय," सिंधुबाई म्हणाल्या. "मी अक्काला भेटाय चाललेय. रोज तिलाच भेटत हुते."

आबांनी मांडवापलीकडे, भरावाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जुना मोबाईल घिऊन जा. त्येची बॅटरी बरी हाय. येताना अंधार पडंल."

भरावावर कौसल्याबाई कानाला मोबाईल लावून बसल्या होत्या. सिंधुबाईंनी मला कानाला लावलं नाही. दगडावर ठेवलं आणि जावेकडे तोंड करून बसल्या. कौसल्याबाईंनी एकदा घराकडे पाहिलं, मग आपलाही मोबाईल खाली ठेवला.

मित्रांनो, नवा मोबाईल जरूर घ्या. कंपनीही बदला, लेकीची हाक घरात पोचायलाच हवी. पण जुन्याला अडगळीत टाकताना जरा थांबा, त्याच्या निमित्तानं तुम्ही कुणाला भेटत होतात ते आठवा, आणि त्या माणसाकडे निमित्त नसतानाही जा. माझ्यात आता कार्ड नाही. तरी मी रोज संध्याकाळी भरावावर जातो.