दुफीताईचा कटर

२००६ साली आमचा देश पहिल्यांदा फुटबॉलच्या विश्वचषकात खेळला आणि आमच्या कुमासी शहरात घरोघरी झेंडे लागले. त्याच वर्षी माझी मोठी बहीण दुफीताई आजारातून उठून दुकानात परत आली.

शहरातल्या आसाफो भागात आमचं मयताचे शर्ट छापायचं दुकान होतं. गेलेल्या माणसाचा फोटो खास कागदावर छापायचा, कडेचा कोरा भाग कापून टाकायचा आणि गरम प्रेसखाली तो पांढऱ्या शर्टावर उतरवायचा. आमच्याकडे अंत्यविधी शनिवारी होतात, आणि त्या दिवशी सगळं घराणं तोच चेहरा छातीवर घेऊन मांडवात बसतं. कोरा भाग राहिला तर शर्टावर चकचकीत चौकट उमटते, आणि दोन धुण्यांत ती पिवळी पडते. म्हणून सगळी कला कापण्यात. ते काम पहिल्यापासून ताईचं. खिडकीपाशी तिची खुर्ची होती, तिथे मीसुद्धा कधी बसले नाही.

अर्धांगाच्या झटक्यानं तिचा उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. आल्या दिवशी तिनं कात्री डाव्या हातात घेतली. पण उजव्यांसाठी केलेली कात्री डाव्या हातात कागद कापत नाही, चावते. कडा सगळ्या नागमोडी.

ती तशी कापत असतानाच एक गिऱ्हाईक आलं, अमांक्वा मामा; आमचे सख्खे नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. त्यांची बहीण गेली होती, आणि आमच्यात घराण्याचा कर्ता मामाच, त्यामुळे शर्टांचं तेच बघत होते.

"डाव्या हातानं?" ते दारातूनच ओरडले. "माझ्या बहिणीच्या तोंडाला? अगं, आम्ही कोंबडीला दाणेसुद्धा डाव्या हातानं टाकत नाही!"

"मामा, तिचा उजवा..."

"दिसतंय मला. देव तिला बरं करो. पण तिला दुसरं काहीतरी काम दे. शुक्रवारी येतो. डावा हात दिसला, तर शर्ट तुझे तूच घाल."

ते गेल्यावर ताई जड जिभेनं म्हणाली, "घाल. तुला पांढरा खुलतो."

मी हसले. ती नाही.

"दुसरं काम कुठलं गं? गिऱ्हाइकाशी बोलायला जीभ नाही, प्रेस ओढायला जोर नाही. सरळ सांग ना, घरी बस म्हणून."

"तुला घरी बसवलं तर शेजारी घर सोडून जातील."

यावरही ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अदुमच्या बाजारात कटर घ्यायला गेलो. सार्फो नावाचा एक बोलका माणूस छपाईचं सामान विकायचा. त्यानं आधी दांडीचा कटर पुढे केला. लांब पातं, उजवीकडे मूठ.

"हा घ्या, मावशी. दहा कागद एका दणक्यात."

मी घरून बिघडलेल्या प्रती आणल्याच होत्या. त्यांचा गठ्ठा ठेवून दांडी खाली ओढली. आमचा कागद गुळगुळीत असतो. खालचे कागद सरकले आणि एका म्हाताऱ्याचा कान गेला.

"माणूस मेलाय, मावशी," सार्फो म्हणाला, "कान कशाला लागतो त्याला?"

"त्याच्या बायकोला लागतो," मी म्हटलं. "ती जिवंत आहे, आणि बोलते."

एकेक कागद ठेवला तर मात्र भराभर आणि नीट कापत होता. ताईनं डाव्या हातानं दांडी धरून पाहिली. हात पोटावरून आडवा न्यावा लागे, आणि जोरही पुरेना.

"डाव्यांसाठी नाही करत हो," सार्फो म्हणाला. "डाव्या हातानं काम कोण..." मग त्यानं ताईच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि फडक्यानं कपाट पुसू लागला.

कपाटात चाकाचा कटर होता. पट्टीखाली कागद आपोआप दाबून राहतो. पट्टीच्या रुळावर एक डबी सरकते, आणि डबीत गोल पातं असतं.

"तो सावकाश चालतो," सार्फो म्हणाला. "फार तर दोन कागद. मोठ्या घराण्याचं काम आलं तर रडाल."

शनिवार माझ्या डोक्यात होता. दांडीचा घेतला तर तो मीच चालवणार, म्हणजे ताईची खुर्ची गेली. हे कळत असूनही मी म्हटलं, "दांडीचाच बांध."

ताईनं माझ्याकडे न पाहता एक बिघडलेली प्रत पट्टीखाली सरकवली. झोपलेलं पोर उचलावं तसा तिनं आपला उजवा हात डाव्या हातानं उचलला, चाकाच्या डबीवर ठेवला आणि त्यावर डावा हात ठेवून डबी पुढे नेली. झर्र. कड सरळ, कागदावरच्या छापाचा पापुद्रा कुठे सुटला नाही. तशीच तिनं डबी मागे आणली.

"यात दाबायला लागत नाही," ती म्हणाली. "न्यायला लागतं."

"सावकाश आहे गं."

"मेलेल्यांना घाई नसते. घाई तुला आहे."

सार्फोनं चाकाचा कटर बांधला.

शुक्रवारी अमांक्वा मामा आले तेव्हा ताई खिडकीपाशी त्यांच्याच बहिणीचे कागद कापत होती. ते तिच्यामागे जाऊन उभे राहिले. मी प्रेस उघडी ठेवून थांबले.

"उजवा खाली आहे," मामा वाकून बघत म्हणाले.

"खालीच आहे, मामा," मी म्हटलं.

"मग डावा काय करतोय?"

"आधार देतोय," ताई म्हणाली.

मामांनी एक कापलेला कागद उजेडात धरून कडा पाहिल्या. मग स्टूल ओढून बसले.

"वर जरा जागा सोड. डोक्याला रुमाल उंच बांधायची ती."

ताईनं कागद थोडा खाली सरकवला.

अमांक्वा मामा पुढे गावाला जाऊन राहिले आणि तिथेच गेले. त्यांच्या भाच्यांनी शर्ट छापलेच नाहीत, नुसतं कापड वाटलं. सार्फो राजधानीत, आक्राला जाऊन मोबाईल विकू लागला. ताई पुढची बरीच वर्षं, डोळे अधू होईपर्यंत, कापत राहिली. हरमाटान वाऱ्याच्या धुळीच्या दिवसांत ती गेली, तेव्हा शर्टावर तिचा कुठला फोटो घ्यायचा यावरून घरात इतकं भांडण झालं की दोन वेगळे शर्ट निघाले. दुकान आता तिची लेक पाहते. मी दुपारी जाऊन बसते. माझे हात धड आहेत, पण मला कुणी काही करू देत नाही.