देगेची उजवी कडी

हुसेनने देगेखालचा जाळ मागे ओढला आणि वळसा घालून तो डाव्या कडीपाशी जाऊन उभा राहिला.

“अब्बा, तुमी तिकडनं धरा.”

गैबीने हाताला फडकं गुंडाळलं. तांब्याच्या देगेत पाणी खदखदत होतं.

“कड्यांना खिळं मारलं असतंस तर आज छातीत धडधडलं नसतं.”

“खिळं मारायला पत्रा उरलाय कुठं? भोक पाडलं की चिरतोय.”

खासबागेचं कुस्तीचं मैदान नवं होतं त्या दिवसांत बाजारात ॲल्युमिनियम नुकतंच आलं होतं. पेठेत सगळे त्याला जर्मन म्हणत. देगेच्या तुटलेल्या कड्या हुसेनने तेच वितळवून, त्यांच्या बुडाशी ओतून बसवल्या होत्या. उद्या उरुसात ही देग चार लोकांच्या हाती जायची, भोवती पोरं जेवायला बसायची. म्हणून घरचा रिवाज कडक होता. ज्याने सांधा घातला, त्यानेच उकळत्या पाण्याचं भांडं आधी उतरवून बघायचं.

हुसेनला धास्ती होती ती डाव्या कडीची. ती बसवताना कोळसा संपला आणि जर्मन ओतल्या ओतल्या भट्टी विझली. दुसऱ्या दिवशी नवा कोळसा आणून उजवीचे मात्र त्याने लाड लाड केले. कल्हईवाल्याच्या घरात लहानपणापासून एकच शिकवण, आच जास्त तर पकड जास्त. देग आडवी करून, कडीभोवती मातीचं आळं घालून त्याने दुपारभर भाता मारला. जर्मन पातळच ठेवलं, तांब्यात चांगलं मुरू दिलं.

गैबी जागचा हलला नाही. लेकाचं कपाळ घामाने डबडबलेलं त्याला दिसत होतं.

“ती कडी कच्ची हाय व्हय रं?”

“न्हाय.”

“मग सर. तिकडनं मी धरतो.”

“तिकडनंच धरा म्हणतोय न्हवं!”

बापावर त्याने असा आवाज कधी चढवला नव्हता. दारात उभी असलेली त्याची आई, इमामबी, दचकली. म्हातारा उजव्या कडीवर वाकला.

“बिस्मिल्ला.”

देग उचलली गेली. हुसेनची नजर डाव्या सांध्यावरून हलत नव्हती. एक पाऊल झालं, दुसरं झालं, सांधा जागच्या जागी होता. त्याचा जीव भांड्यात पडतोय तोच पलीकडे कट्‌ असा कोरडा आवाज झाला.

इमामबी घागर घेऊन धावली. गैबी ओट्यावर बसला, दातांत ओठ धरून भाजलेले पाय तिच्या धारेखाली पसरून. तुटलेली कडी अजून त्याच्या हातातच होती. हुसेनने ती काढून घेतली. तांबं शाबूत होतं, जर्मनही शाबूत होतं. दोन्हींच्या मधे एक करडा, जाड थर धरला होता आणि तोच खापरासारखा फुटला होता. दुपारभराच्या आचेने तो वाढवला होता.

“तुला न्हाय न्हवं भाजलं?” गैबीने विचारलं.

हुसेनने हातोडा उचलला आणि डाव्या कडीवर घाव घातला. मग आणखी एक. देग घणघणली, पत्रा चेपला, त्याला रडू आवरेना. कडी काही सुटली नाही.