मागच्या रांगेतली हिरवी गाडी

हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की त्या भागातल्या शाळा पहिल्या सोमवारी बंदच असतात. उघड्या ठेवून करायचं काय? निम्मी मुलं आणि निम्मे शिक्षक जंगलात. मंगळवारी सकाळी दुसरीची शिक्षिका मार्सी कोवाल्चिक शाळेला निघाली, तेव्हा थंडीने गारठलेली तिची गाडी काही केल्या सुरू होईना. तिचा नवरा व्हर्न आदल्या दिवशीच्या शिकारीने दमून अजून अंथरुणातच होता.

"माझी पिकअप ने," तो पांघरुणातूनच म्हणाला. "आणि येताना पेट्रोल भर."

"हरणामागे दिवसभर हुंदडलास तू, आणि पेट्रोल भरू मी?"

"हरीण खाणार कोण?"

तिने त्याची किल्ली उचलली. हिरव्या पिकअपच्या मागच्या बाकावर मळकं ब्लँकेट पसरलेलं होतं. त्याच्यावर तिने कागदी चांदण्यांचं खोकं ठेवलं आणि ती निघाली. शाळेत पोचायला उशीर झाला, म्हणून गाडी लावायला अगदी मागच्या रांगेत जागा मिळाली. खोकं ओढताना ब्लँकेटही थोडं सरकलं. एका हातात खोकं, दुसऱ्यात पिशवी. तिने कमरेने दार लोटलं आणि ती घाईने आत गेली.

शिक्षकांच्या खोलीत हॅरिएट बाऊम कॉफी ओतत होती. दुसरीचा शेजारचा वर्ग तिच्याकडे होता.

"काय गं, परवाच्या सभेत तुझा नवरा भलताच गरजला!"

"बोलतो तो तसाच," मार्सी म्हणाली.

गावाची सभा होती ती, बंदुकांवरच. घरात बंदुका कुलपात ठेवायची सक्ती असावी का, शिक्षकांनी वर्गात पिस्तूल बाळगावं का, असे वाद. व्हर्न उठून म्हणाला होता, "बापजाद्यांपासून आमच्या घरात बंदुका आहेत. आजवर कुणाच्या केसाला धक्का लागलेला नाही. माझ्या कपाटाला कुलूप लावणारं सरकार कोण? स्वतःला सांभाळता येतं, म्हणून तर माणूस स्वतंत्र." खूप टाळ्या पडल्या. मार्सीनेही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. तिला नेम धरायला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. ती त्यांची सगळ्यात चांगली आठवण होती.

"आजवर लागला नाही म्हणजे पुढेही लागणार नाही, असं कुठंय?" हॅरिएट म्हणाली.

"तू शहरातली. तुमच्या अंगणात अस्वलं येत नाहीत."

"शाळेतही येत नाहीत गं बाई."

दोघी हसल्या आणि आपापल्या वर्गात गेल्या.

मुलं चांदण्यांना गोंद लावत होती तेव्हा भिंतीवरच्या कर्ण्यातून मुख्याध्यापकांचा आवाज आला. नेहमीचा नव्हे, कोरडा, घाईचा.

"सगळी दारं बंद करा. हा सराव नाही. पुन्हा सांगतो, हा सराव नाही."

बंदूकवाला शिरला तर काय करायचं, याचा सराव इतका झाला होता की मार्सीचे हात आपोआप चालले. कुलूप, दिवे, दाराच्या काचेवरचा काळा कागद. मुलंही न सांगता कपाटाआडच्या कोपऱ्यात जाऊन बसली. कुणी रडलं नाही, हेच तिला सोसवेना. सात-सात वर्षांची पोरं, आणि त्यांना श्वास कसा चोरायचा ते येत होतं. जूनी नावाची मुलगी तिला चिकटून बसली आणि मार्सीची बाही तिने मुठीत घट्ट धरली. थोड्या वेळाने खालची फरशी ओली झाली. कुणाची चड्डी भिजली ते मार्सीने पाहिलं नाही.

फोन थरथरला. व्हर्नचा निरोप होता. "घरच्या स्कॅनरवर पोलिसांचं बोलणं ऐकलं, शाळेत कुणी शिरलंय. शेजाऱ्याची गाडी घेऊन निघालोय. पिस्तूल बरोबर आहे. घाबरू नकोस."

तिला खरोखरच धीर आला. व्हर्न येतोय.

बाहेर व्हरांड्यात कुणाची तरी पावलं वाजली, थांबली, पुढे गेली. दाराची मूठ कुणी हलवून बघेल म्हणून ती तिच्यावर डोळे लावून बसली. मूठ हलली नाही. मग ऑफिसातून सगळ्या शिक्षकांना निरोप आला.

"मागच्या रांगेत हिरवी पिकअप. आत रायफल दिसते आहे. गाडीवाला सापडत नाही, बहुधा इमारतीत शिरलाय. पोलीस पोचले. जागचे हलू नका."

तिने तो पुन्हा वाचला. हिरवी पिकअप. मागची रांग.

ते मळकं ब्लँकेट. ओढलेलं खोकं. सोमवारी संध्याकाळी व्हर्न हरीण घेऊन आला, ते कोठारात टांगलं, हात धुतले आणि जेवायला बसला. रायफल कपाटात ठेवताना त्याला तिने पाहिलं होतं का? नव्हतं.

आधी तिला इतकं हायसं वाटलं की हसूच फुटायचं राहिलं. कुणी नाहीच! इमारतीत कुणीही शिरलेलं नाही. आणि मग लक्षात आलं. पोलीस ज्याला शोधत होते तो माणूस इथे, कागदी चांदण्यांमध्ये, फरशीवर बसला होता.

शाळेच्या आवारात बंदूक आणणं हा गुन्हा होता. चुकून आणली, हे कोण ऐकणार? नोकरी जाणार, कदाचित तुरुंग. व्हर्नच्या सगळ्या बंदुका जप्त होणार, आणि सभेत टाळ्या वाजवणारे तेच लोक दुकानात तोंड फिरवणार. गप्प बसलं तर? पोलीस शोधतील, कुणी सापडणार नाही, तासाभरात सगळं निवळेल. मग सावकाश व्हर्नशी बोलून, वकिलाला विचारून. तासाभराचा तर प्रश्न. तिने फोन पालथा मांडीवर ठेवला.

"मिसेस के," टकर कुजबुजला. समोरचे दोन दात पडलेला, वर्गातला सगळ्यात बोलका मुलगा. "माझे बाबा येतील. त्यांच्याकडे बंदूक आहे."

"शू."

"येतीलच ते. त्या माणसाला मारतील."

जूनीने बाही न सोडता त्याच्याकडे पाहिलं. "मग पोलिसांना कसं कळणार, ते तुझे बाबा आहेत?"

टकरने जिभेने दातांची फट चाचपली.

व्हर्न. शिकारीचं नारिंगी जाकीट, हातात पिस्तूल, आणि आल्या आल्या तो आधी स्वतःच्या पिकअपकडेच धावणार. तिने त्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. तो गाडी चालवत होता. गाडी चालवताना तो कधीच फोन घेत नसे. फार जबाबदार माणूस होता तो.

तिने पोलिसांचा नंबर लावला.

"हिरवी पिकअप माझी आहे," ती कुजबुजली.

"बाई, ऐकू येत नाही. जरा मोठ्याने बोला."

"पिकअप..."

"मोठ्याने, बाई."

तिने डोळे मिटले. "हिरवी पिकअप माझी आहे. आतली रायफल आमची आहे. चुकून राहिली. शाळेत कुणी शिरलेलं नाही. आणि आता नारिंगी जाकिटातला एक माणूस येईल, पिस्तूल घेऊन. तो माझा नवरा आहे. व्हर्न कोवाल्चिक. त्याला गोळी घालू नका. तो मला वाचवायला येतोय. कृपा करा, घालू नका."

"तुमचं नाव? खोली कुठली?"

तिने सांगितलं. कोपऱ्यातले सगळे डोळे तिच्यावर होते.

तेवढ्यात खाली गाडीचे ब्रेक करकरले. दार आपटलं. मग आरडाओरडा. "टाक ते! टाक! खाली पड! हात दिसू देत!" एकाच वेळी चार-पाच गळे. त्यात व्हर्नचा आवाजही होता, "माझी बायको आत आहे!"

मग काहीच नाही.

ती गोळीच्या आवाजाची वाट पाहत बसली. आयुष्यभर ऐकलेला आवाज; पानगळीच्या जंगलात, बापाच्या खांद्याजवळ. कान, दात, पोट, सगळं अंग त्या एका आवाजासाठी आवळून बसलं होतं.

आवाज झाला नाही.

बऱ्याच वेळाने किल्ली फिरली. दारात दोन पोलीस उभे. "मार्सी कोवाल्चिक?"

ती उठली तेव्हा खिडकीच्या पडद्याच्या फटीतून खालचं दिसलं. बर्फात पालथं पडलेलं नारिंगी जाकीट, हात पाठीमागे बांधलेले. व्हर्नने मान वळवून गाल बर्फावर टेकला, आणि तोंडातून वाफ निघाली. तिने ती वाफ दोनदा पाहिली, खात्रीसाठी.

"संपलं, बाळांनो," ती मुलांना म्हणाली. "कुणी वाईट माणूस नव्हता. आता बोललात तरी चालेल."

टकर ओल्या फरशीकडे बघत होता. तिने जूनीला उठवायला हात पुढे केला. जूनीने तिची बाही केव्हाच सोडली होती. आता ती बसल्या बसल्याच मागे सरकली, टकरच्या आड, आणि सरावात शिकवल्याप्रमाणे श्वास रोखून मार्सीकडे पाहत राहिली.