कोकिळेची बाज आणि नानाजींचा खोकला

मित्रांनो, वर्ध्याजवळच्या आंजी गावातल्या एका गोठ्यात भिंतीला उभी टेकवलेली मी एक जुनी बाज आहे. एक पाय लंगडा, पोट लोंबलेले. माझ्यावर आता कोंबड्या बसतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. बसल्या की निदान बसून तरी राहतात. माणसांचे तसे नसते.

नत्थू सुताराने माझे बाभळीचे पाय घडवले आणि घरधनी नानाजींनी स्वतः अंबाडीची दोरी वळून मला विणले. बाज असावी तर अशी, असे गाव म्हणाले. त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षे पाहुणे आणि वाळवणे झेलली. मग १९५८ साली नानाजींची सून कोकिळा आजारी पडून माझ्यावर आली.

तिला क्षय झाला होता. तिचा नवरा प्रेमदास वर्ध्याहून औषधे घेऊन आला तो तोंड पाडूनच.

"डॉक्टरीणबाई म्हणते, छातीतला क्षय हृदयात गेला," तो म्हणाला. "हृदयाच्या मांसाले सूज आली. सुया, गोळ्या घ्याच लागते, पण तीन महिने बाजेवरून उठाचं नाई. उठली त जिवाले धोका हाय."

नानाजींनी मान डोलावली. कोकिळेनेही डोलावली. मला वाटले, झाले, सगळ्यांना कळले.

दोरीतून मला तिचे ठोके कळायचे. निजलेली असली की ते जरा ताळ्यावर असायचे. उठली की चार धावायचे आणि एक गळायचा. त्या गळलेल्या ठोक्याच्या जागी मी श्वास धरून असे.

आणि नानाजी दारात येऊन खोकत.

सासऱ्याने घरात शिरताना खोकायचे, सुनेने पदर घेऊन बाजेवरून खाली उतरायचे, अशी त्या घरची रीत. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षे होऊन गेली होती. घरातले देव गेले होते, उपास गेले होते, अंगारे गेले होते. खोकला तेवढा राहिला, कारण तो कुणाच्या ध्यानातच आला नाही. नानाजींना सुनेची काळजी फार, म्हणून दिवसातून दहादा विचारायला येत. दहादा खोकत. दहादा ती खाली उतरे.

"कसं वाटते, कोकिळा?"

"बरं वाटते, मामाजी," ती भिंत धरून म्हणे.

बरे कसले वाटते, डोंबल. ठोके मी मोजत होते.

प्रेमदास चिडायचा. "काऊन उठली? काय सांगतलं होतं तुले?"

"मामाजीसमोर पाय पसरून निजू का? तुमी निजता का तुमच्या सासऱ्यासमोर?"

"मी त निजतो."

"म्हणूनच माहे बाबा इकडे येत नाई."

हसताना तिला धाप लागे. मी करकरून सांगत होते, अग निज. त्यावर घरचे करकर थांबावी म्हणून माझ्या पायाला तेल लावत.

एका दुपारी नानाजी खोकले, ती उतरली आणि आडवी माझ्यावर कोसळली. दोरीत काहीच येईना. एक नाही, दोन नाही, तीन नाही. मग कुठेतरी खोल एक ठोका आला, थांबला, पुन्हा आला.

सुई द्यायला येणारे कंपाउंडर बंडूजी धावत आले. नाडी धरून त्यांनी विचारले, "उठली कायले?"

नानाजी उंबऱ्याबाहेर उभे होते.

"माह्या खोकल्यानं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आले ते मलाही कळले नाही. चपला बाहेर, पावलांचा आवाज नाही, खोकला तर नाहीच. सुनेच्या बाजेपाशी ते खाली जमिनीवर बसले. कोकिळेने डोळे उघडले, तिचा हात पदराकडे गेला, मान उचलली. नानाजींनी माझ्या दांडीवर हात ठेवला.

"निजून राह्य. मी तुले पाह्याले आलो, तुही उठबैठ पाह्याले नाई. बाकी सारं सोडलं, हे राह्यलं होतं."

तिने मान टेकवली. डोळ्यांतले पाणी माझ्या दोरीत जिरले. त्या दिवशी पहिल्यांदा मी नुसते ठोके ऐकत बसले, मोजले नाहीत.

तीन महिने ते रोज तसेच खाली बसले. उन्हाळ्यात कोकिळा आपल्या पायांनी अंगणात गेली, आणि मला पुन्हा वाळवणाला जुंपले.

माझे म्हणणे थोडेच आहे, मित्रांनो. सवड झाली तर माझी दोरी ओढून मला ताठ करा, अजून एखादे माणूस मी सांभाळीन. आजाऱ्याला भेटायला गेलात तर खाली बसा. आणि दारात, मेहेरबानी करून, खोकू नका.