लिनियसचं घड्याळ आणि भिवाच्या पाच कुंड्या

बुधवार, १७ नोव्हेंबर १९९९. सकाळी नऊ वाजून दोन मिनिटं. दुबईतल्या एका भारतीय शाळेच्या मधल्या चौकात चिनी गुलाबाच्या कुंडीत चौदा फुलं पूर्ण उमललेली होती. कुंडीत टोचलेल्या पाटीवर लिहिलं होतं : साडेदहा.

विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षक बाईंनी पाटी वाचली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि फुलं मोजली. त्या स्वीडनच्या होत्या. तिकडच्या एका शाळेत सव्वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आणि मुलगा दुबईत नोकरीला असल्यामुळे हिवाळ्यापुरत्या आलेल्या. शेजारच्या भेंडीच्या कुंडीवर पाटी होती साडेआठची. ते फूल तर शाळेचं फाटक उघडण्याच्या आधीपासून उमललेलं होतं.

“तुमच्या फुलांना फार घाई झालेली दिसते,” बाई इंग्रजीत म्हणाल्या.

कुंड्यांमागे उभी असलेली आठवीतली मिहिका पाटी पुन्हा वाचू लागली. तिची विज्ञानशिक्षिका जैनब मिस हैदराबादच्या होत्या. त्यांनी हलक्या आवाजात एकच शब्द उच्चारला, “खलास.”

खलास होण्यासारखं जे होतं, ते मिहिकाचं नव्हतं. ते चौकाच्या टोकाला पाण्याचा पाइप गुंडाळत उभ्या असलेल्या भिवाचं होतं.

भिवा संगमेश्वर तालुक्यातला. वय त्रेचाळीस. १९८८ साली दुबईत आला. पहिली सहा वर्षं त्याने इमारतींच्या कामावर शटरिंगच्या फळ्या वाहिल्या. पुढची पाच एका बागकाम कंपनीत काढली. त्यातली साडेचार गवताच्या गुंडाळ्या अंथरण्यात आणि रस्त्यांच्या दुभाजकावर पाण्याच्या नळ्या जोडण्यात गेली. जून महिन्यात कंपनीने त्याला या शाळेत पाठवलं, आणि आखातातल्या अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःच्या मनाने एखादं रोप लावता आलं. कंपनीचं शाळेशी असलेलं कंत्राट नोव्हेंबरअखेर संपणार होतं. पण त्याआधीच, येत्या शनिवारी, त्याची रवानगी फुजैराला ठरली होती. तिथे बंदरालगतच्या एका आवाराला हिरवं कुंपण करायचं काम होतं.

शाळेने मात्र स्वतःच्या व्हिसावर कायमचा एक माळी ठेवायचं ठरवलं होतं. जैनब मिसनी भिवाचं नाव सुचवलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं, “माणूस काम नीट करतो, याला पुरावा काय?” मिस म्हणाल्या, “सर, प्रदर्शनात बघा.”

पुरावा म्हणजे या पाच कुंड्या.

आठवीच्या मुलांना एकेक शास्त्रज्ञ वाटून दिला होता. मिहिकाच्या वाट्याला कार्ल लिनियस आला. अठराव्या शतकातला स्वीडिश माणूस, ज्याने झाडाझुडपांना आणि प्राण्यांना दोन शब्दांची लॅटिन नावं देण्याची पद्धत रुळवली. वाचता वाचता तिला एक गोष्ट सापडली. काही फुलं रोज ठरलेल्या वेळी उमलतात आणि मिटतात. त्यांची स्वीडनमधल्या उप्साला शहरातल्या वेळांची यादी लिनियसने १७५१ साली छापली होती. अशी फुलं गोल वाफ्यात लावली तर ढगाळ दिवशीसुद्धा घड्याळाशिवाय वेळ सांगता येईल, अशी त्याची कल्पना. त्याने तो वाफा प्रत्यक्षात लावल्याचा पुरावा नाही.

यादीतली फुलं सगळी थंड मुलखातली. मिहिका भिवाकडे गेली. शाळेत मराठी बोलणारा तोच एक मोठा माणूस होता.

“भिवाकाका, कुठलं फूल किती वाजता उघडतं, यू नो?”

“कुठल्या गावात?” भिवाने विचारलं.

मिहिकाने ते वहीत लिहून घेतलं. लिनियसनेही यादीच्या डोक्यावर आपल्या गावाचं नाव घातलं होतं.

“आमच्याकडं बायका दोडक्याचं फूल बघून चूल पेटवतात, बाय,” भिवा म्हणाला. “फूल उमललं की भात टाकायचा. मुक्ताबाईला विचार. तिनं जन्मात घड्याळ नाय बघितलं.”

मुक्ताबाई ही त्याची बायको. तिने गावाहून येणाऱ्या एका माणसाबरोबर दुपारीच्या फुलाचं बी पाठवलं, पाकिटात, हळदीकुंकवाच्या पुडीशेजारी. शाळेच्या जनरेटरच्या खोलीमागे, जिथे मुलांना जायला बंदी होती, तिथे भिवाने नऊ प्रकारची रोपं वाढवली आणि ऑक्टोबरपासून रोज त्यांच्या वेळा टिपल्या. जास्वंदीसह चार त्याने बाद केली. “ही ढग बघून चालतात, ह्यांचा भरवसा नाय,” असा शेरा त्याच्या वहीत आहे. हवेप्रमाणे वेळ बदलणाऱ्या फुलांचा लिनियसनेही वेगळा गट केला होता, हे मिहिकाने त्याला नंतर सांगितलं. “हुशार होता मग माणूस,” भिवा म्हणाला. पाच उरली : भेंडी, चिनी गुलाब, दुपारी, गुलबाक्षी आणि दोडका.

पाट्या प्रदर्शनाच्या आदल्या रात्री अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये मिहिकाच्या आईने, अर्चनाने, लिहिल्या. तिचं अक्षर चांगलं. तिसऱ्या पाटीवर ती थांबली होती.

“दुपारी, दीड वाजता? अगं, आमच्याकडे ही बाराच्या ठोक्याला फुलायची. म्हणून तर तिला दुपारी म्हणतात.”

“मम्मी, धिस इज दुबई. क्लायमेट वेगळं आहे.”

“आणि गुलबाक्षी साडेपाचला? आमची चारच्या चहाला उमलायची.”

“मम्मी, भिवाकाकांनी चेक केलंय, फॉर सिक्स वीक्स!”

सहा आठवड्यांच्या नोंदींपुढे अर्चनाने हार मानली आणि साडेपाच लिहिलं.

तर नऊ वाजून दोन मिनिटं. परीक्षक बाईंनी विचारलं, “या वेळा कोणी टिपल्या?”

मिहिकाने बोट दाखवलं. भिवाला बोलावण्यात आलं. त्याच वेळी कंपनीचा सुपरवायझर तुकाराम चौकात आला. हा कोरेगावचा. त्याच्या हातात शनिवारच्या फुजैरा बसची यादी होती आणि यादीत भिवाचं नाव सातवं होतं.

“काय रे, फुलांची ड्यूटी लावणारे साहेब,” तुकाराम म्हणाला, “तुझी माणसं दीड तास लवकर कामावर आलीत म्हणे. ओव्हरटाइम देणार का?”

भिवाने पाटी बघितली, फुलं बघितली आणि बाही वर सारून घड्याळ बघितलं.

“बरोबर तर हाय,” तो म्हणाला. “साडेदहाच वाजलेत.”

जैनब मिसनी त्याचं मनगट धरून घड्याळ स्वतःकडे वळवलं. त्यात खरोखरच साडेदहा वाजून तीन मिनिटं झाली होती.

भिवाचं घड्याळ अकरा वर्षं भारताच्या वेळेवर, म्हणजे दुबईच्या दीड तास पुढे, चालत होतं. मुहैस्नाहच्या मजूर कॅम्पमधल्या त्याच्या खोलीत आठ माणसं राहत आणि भिंतीवरचं घड्याळही भारताचंच होतं. घरी आता गुरं बांधली असतील, आता पोरं शाळेत गेली असतील, हे त्यावरून कळायचं. दुबईची वेळ त्याला कधी लागलीच नाही. बसचा हॉर्न झाला की ड्यूटी, शाळेची बेल झाली की जेवण, पुन्हा हॉर्न झाला की सुट्टी. फुलांच्या वेळा त्याने ज्या घड्याळात पाहिल्या, त्याच लिहिल्या.

“अरे देवा,” अर्चना म्हणाली. ती पालक म्हणून नऊलाच आली होती. “बाराच की. मी म्हटलं होतं!”

“मम्मी, प्लीज. नॉट नाऊ.”

तुकाराम आधी हसला नाही. मग त्याने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि घड्याळ शर्टाच्या बाहीत ढकललं. जैनब मिसच्या ते लक्षात आलं. “आपका भी?” त्यांनी विचारलं. “मेरा सवा घंटा आगे है, मॅडम,” तुकाराम म्हणाला. “थोडा स्लो चलता है.” त्यावर सगळा चौक हसला. भिवा सोडून.

“बाय,” तो मिहिकाला म्हणाला, “तुझा नंबर गेला का माझ्यामुळं?”

झाला प्रकार जैनब मिसनी परीक्षक बाईंना समजावून सांगितला. बाई हसत नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं की वेळेच्या बाबतीत स्वीडनच्या माणसाने दुसऱ्याला बोलू नये. १७०० साली त्यांच्या देशाने जुनं कॅलेंडर सोडून नव्याकडे हळूहळू जायचं ठरवलं. चाळीस वर्षं लीप वर्षाचा जादा दिवस गाळायचा, की झालं. पहिला दिवस गाळला. पुढचे दोन युद्धाच्या धामधुमीत गाळायचे राहून गेले. परिणामी बारा वर्षं स्वीडनची तारीख ना जुन्या कॅलेंडरशी जुळत होती, ना नव्याशी. शेवटी मुकाट्याने जुन्याकडे परतण्यासाठी १७१२ साली एक दिवस वाढवला. त्या वर्षी स्वीडनमध्ये ३० फेब्रुवारी होती.

मिसनी हिंदीत हे सांगितल्यावर भिवाने विचारलं, “त्या दिवसाचा पगार मिळाला का लोकांना?”

प्रश्न इंग्रजीत बाईंपर्यंत गेला. थोडा विचार करून बाई म्हणाल्या की, तसं त्यांच्या वाचनात आलेलं नाही.

लिनियसच्या काळात प्रत्येक गावाची वेळ सूर्यावर ठरायची आणि उप्सालाची वेळ शेजारच्या गावाशीही जुळत नसे, असंही त्यांनी सांगितलं. मग त्या कामाला लागल्या. “चूक सगळीकडे सारखी असेल तर ती घड्याळाची. वेगवेगळी असेल तर माणसाची. अजून तीन फुलं उमलायची आहेत. मी थांबते.”

तोवर चौकात आलेल्या प्रिन्सिपॉलसाहेबांनी मान डोलावली. “ओके. आज शाम तक. फिर देखेंगे.”

तुकारामने यादी खिशात ठेवली.

दुपारीच्या पाटीवर दीड होता, म्हणजे फूल बाराला उमलायला हवं होतं. पहिलं फूल बारा वाजून चार मिनिटांनी उघडलं. परीक्षक बाईंनी वेळ लिहून खाली सही केली. अर्चनाने घरून भाकरी आणि ठेचा आणला होता. बाईंनी भाकरी दोनदा घेतली, ठेचा एकदाच.

गुलबाक्षीची वेळ चारची. चारला सगळ्या कळ्या मिटलेल्या होत्या. शाळा सुटून दीड तास झाला होता, पण वीसेक मुलं कुंडीभोवती बसून होती. चार वाजून नऊ मिनिटांनी एक कळी सैल झाली आणि मुलांनी क्रिकेटमध्ये विकेट पडल्यासारखी आरोळी ठोकली.

दोडक्याची पाटी साडेसहाची, म्हणजे वेळ पाचची. पाच वाजता कंपनीची बस फाटकाशी आली आणि हॉर्न वाजला. भिवा जागचा हलला नाही. दोडका बंद होता.

“यल्ला, भिवा, चल!” तुकाराम ओरडला.

“फूल राहिलंय.”

“अरे, बस काय तुझ्या दोडक्यासाठी थांबणार?”

पाच वाजून दहा मिनिटांनीही दोडका बंदच होता. भिवाने कुंडीभोवती एक फेरी मारली, मग वर बघितलं. चौकाच्या कडेच्या ओवरीतल्या ट्यूबलाइट साडेचारलाच कोणीतरी लावल्या होत्या आणि त्यांतली एक बरोबर कुंडीच्या डोक्यावर होती.

“ह्याला वाटतंय अजून ऊन हाय,” तो म्हणाला. “ती लाईट मालवा.”

शिपायाने दिवे मालवले. तोवर बसमधली अकरा माणसं कंटाळून आत आली होती, कपड्यांवरच्या मातीसकट. ती कुंडीभोवती उभी राहिली.

“काय बघताय?”

“दोडका.”

“भाजी कधी आहे?”

“गप रे. बघ, पिवळं दिसायला लागलं.”

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी दोडक्याचं पहिलं फूल पूर्ण उघडलं. तुकाराम पुढे वाकून बघत होता. “आमच्या घरामागं होता हा वेल,” तो म्हणाला, आणि मग आवाज चढवून, “चला आता, यल्ला, बसमध्ये!”

परीक्षक बाईंनी लिहिलं : पंचवीस मिनिटं उशीर. कृत्रिम प्रकाशाचा परिणाम असल्याचा निरीक्षकाचा दावा, तपासलेला नाही. त्याखाली शेरा दिला : नोंदी काळजीपूर्वक केलेल्या आहेत. घड्याळ चुकलेलं नाही, फक्त दुसऱ्या गावाचं आहे.

परीक्षण सुरू झाल्यावर पाटी बदलता येत नाही, असा प्रदर्शनाचा नियम. त्यामुळे मिहिकाला बक्षीस मिळालं नाही. पहिला नंबर ज्वालामुखीच्या प्रतिकृतीला गेला. “इट्स ऑलवेज अ व्होल्केनो,” मिहिका म्हणाली.

गुरुवारी सकाळी प्रिन्सिपॉलसाहेबांनी परीक्षकांचा कागद वाचला आणि माळ्याच्या जागेसाठी भिवाच्या नावाची शिफारस केली. त्यांनी एकच अट घातली, ती तोंडी : घड्याळ दुबईचं लावायचं. भिवाने ऐकून घेतलं आणि त्याच संध्याकाळी दुसरं घड्याळ घेतलं. आता तो दोन वापरतो, डाव्या हाताला दुबई, उजव्या हाताला संगमेश्वर.

व्हिसा बदलण्यासाठी जुन्या कंपनीची हरकत नसल्याचं पत्र, म्हणजे एनओसी, लागतं. अर्ज शनिवारी, २० नोव्हेंबरला कंपनीच्या कचेरीत पोहोचला. त्या दिवशीच्या फुजैरा बसमध्ये सातव्या नावावर रेघ होती. ती तुकारामने स्वतः मारली होती. “एक महिन्यापुरती,” त्याने बजावलं. “सोडायला माझं काही नाही. ऑफिस सोडतं का, ते बघायचं.” कंत्राट संपल्यावर शाळेने ते आठवड्या-आठवड्याने वाढवून घेतलं.

९ डिसेंबरला रमजान सुरू झाला आणि कचेऱ्यांच्या वेळा कमी झाल्या. जैनब मिसनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा उत्तर आलं, “इन्शाल्ला, धिस वीक.” मिहिकाने परीक्षक बाईंच्या पत्त्यावर सहा आठवड्यांच्या नोंदी दुबईच्या वेळेत बदलून पाठवल्या. भिवाने जनरेटरच्या खोलीमागे पडवळाचं बी लावलं.

रविवार, १२ डिसेंबर. दुपारी दोनला कंपनीची कचेरी बंद झाली, तोपर्यंत पत्र आलेलं नव्हतं. तुकारामने दिलेल्या महिन्याचे आठ दिवस उरले होते.