जुन्या बटणांचं पॅनल

बाबांना जाऊन तीन आठवडे होत होते, तेव्हा मागच्या अंगणातल्या गरम पाण्याच्या टबचं पॅनल बंद पडलं. पडद्यावरचे आकडे फिके झाले, मग अर्धेच दिसू लागले, मग काहीच नाही. लेकीने चारही बटणं दाबून पाहिली. एकेक करून, मग दोन-दोन मिळून. आपण नक्की काय करतो आहोत हे तिला ठाऊक नव्हतं, पण बाबा असंच काहीतरी करायचे एवढं तिला अंधुक आठवत होतं.

टब चैनीचा नव्हता. आईचे गुडघे सकाळी लाकडासारखे असत. अर्धा तास गरम पाण्यात बसली की ती आपल्या पायांनी स्वयंपाकघरात येई आणि दिवसभर कुणाचा हात मागत नसे. पाणी थंड झालं त्या दिवशी ती भिंतीला धरून चालली. चौथ्या दिवशी न्हाणीघरापर्यंत जाताना वाटेत दोनदा खुर्चीवर बसली. असंच चाललं तर तिला इथे एकटी ठेवता येणार नाही, घराला कुलूप लावून तिला आपल्या दोन खोल्यांत न्यावं लागेल, हे लेकीला दिसत होतं. आणि तिथे आई रमायची नाही, हेही.

मामाचा फोन आला. "काढून टाक ते धूड. गुरुवारी माझा माणूस टेम्पो घेऊन येतोय. ताईला विचारलंय मी. ती म्हणाली, चालेल."

"मामा, आई हल्ली सगळ्यालाच चालेल म्हणते. काल विचारलं, चहा करू की दूध, तरी म्हणाली चालेल."

"तुला त्या यंत्रातलं काय कळतं?"

"काही नाही."

"झालं तर मग! बुधवारपर्यंत दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर टेम्पो."

पॅनलवर चार उठावाची चित्रं होती: ज्योत, फवारा, दिवा आणि बाण. खाली बारीक अक्षरांत एक नंबर. त्याचा फोटो काढून ती सुट्या भागांच्या दुकानात गेली. दुकानात छतापर्यंत पॅनलं लटकत होती, सगळी एकमेकांची चुलत भावंडं वाटावीत अशी. दुकानदाराने कपाळावरचा चष्मा तसाच ठेवून विचारलं, "पेटीतला बोर्ड कुठला आहे?"

"कुठली पेटी?"

"टबच्या पोटातली. बरं, पंप किती? एक की दोन? प्लगला पिना किती?"

तिने नुसती मान हलवली. कुठल्या प्रश्नाला होकार आणि कुठल्याला नकार, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"ताई, पॅनल म्हणजे चपला नव्हेत, मापाला बसल्या की निघालो. बोर्ड आणि पॅनल यांची भाषा एक लागते. घरात हे कुणाला माहीत असेल?"

"बाबांना."

"मग लावा की त्यांना फोन."

"ते नाहीत."

"संध्याकाळी येतील ना?"

"नाही," ती म्हणाली.

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. मागच्या खोलीत गेला आणि बऱ्याच वेळाने धूळ पुसत एक खोका घेऊन आला. "नंबर तंतोतंत. जुना माल आहे, शेवटचा. पण बोर्ड पाहून आला असतात तर मला बरं वाटलं असतं."

तिने घरी येऊन स्क्रू काढले. नव्या पॅनलचा प्लग रुंद आणि चपटा, तर जुन्याचा लहान आणि चौकोनी, आठ पिनांचा. नंबर तोच, चित्रं तीच, आणि प्लगांचं एकमेकांशी काही घेणंदेणं नाही. तिने दुकानात फोन केला.

"असं होतच नाही," दुकानदार म्हणाला.

"झालंय."

"तुमच्या बाबांनी मधे काही फिरवाफिरवी केली होती का?"

हे तिने कागदांना विचारलं. बाबांच्या कपाटात तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तिका निघाल्या, आणि तिन्हींत बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा. एकीत समासात लिहिलेलं, "हे चुकीचं आहे." काय चुकीचं, ते लिहिलेलं नव्हतं. ती ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसली. नीट, उभट अक्षर. वाचता वाचता पॅनलचा विषय तिच्या हातून निसटून गेला, आणि तो परत धरायला तिला वेळ लागला.

बुधवारी सकाळी तिने दोन्ही पॅनलं स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. आई तिथेच बसून गुडघे चोळत होती. तिने जुन्या पॅनलवरून अंगठा फिरवला.

"ह्याचं तोंड ह्याचं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आधीचं पॅनल होतं ना, त्याचं हे स्टिकर. पाच वर्षांपूर्वी पेटीत जळलं काहीतरी, तेव्हा ह्यांनी आतलं सगळं बदललं. पॅनलपण. पण नव्याची बटणं गुळगुळीत. पाण्यात मला चष्मा कुठला? फवारा दाबायला जावं तर दिवा लागायचा. मी म्हटलं, मला नाही बसायचं त्यात. तर अख्खा रविवार खपून ह्यांनी जुन्याचं कातडं सोललं आणि तुकडे तुकडे करून ह्याच्यावर डकवलं. नंबरासकट."

"आई, पाच दिवस मी वणवण करतेय. हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंस कुठे? दुकानदाराला विचारलंस, मामाला विचारलंस, कपाटाला विचारलंस. काखेत कळसा नि गावाला वळसा."

"आणि मामाला का म्हणालीस, चालेल म्हणून?"

"मला वाटलं तुलाच नकोय तो. तुझं तिकडे काम पडलेलं, आणि इथे माझ्यापायी..."

"मला नकोय? अगं, मी त्याच्यासाठीच..." तिने दोन्ही पॅनलं बाजूला सारली. "तुला हवाय का? नीट सांग."

"हवाय," आई म्हणाली. "मला इथेच राहायचंय. आधी तो टेम्पो थांबव."

मेन स्विच बंद करून लेकीने टबची बाजूची फळी काढली आणि पोटावर पडून पेटी उघडली. आई बाहेर खुर्चीत बसून बॅटरी धरत होती, म्हणजे बहुतेक वेळ लेकीच्या डोळ्यांत. बोर्डवरचा नंबर फोनवर ऐकून दुकानदार म्हणाला, "आता बोललात! पंप दोन, पिना आठ. आहे माझ्याकडे."

पहिलं पॅनल परत देऊन तिने हे नवं आणलं आणि दुपारी त्याचा प्लग खट्‌कन बसला. पडदा उजळला आणि पाण्याच्या तापमानाचा आकडा आला, चौदा.

राहिली चित्रं; ह्याचीही बटणं गुळगुळीतच होती. लेकीने जुन्या पॅनलच्या कडेला नख घातलं. ज्योतीचा कोपरा उचलला आणि तिथेच फाटला. तिने हात मागे घेतला. बाबांनी कुठला गोंद वापरला होता, आणि तो कशाने सुटतो, हे ना आईला माहीत होतं ना पुस्तिकांना.

"राहू दे, फाडू नकोस," आई म्हणाली. "कुठलं कशाचं, ते दाखव मला."

लेकीने त्यातली एक पुस्तिका उघडली. चौथ्या पानावर एक क्रम होता, सातव्या पानावर दुसरा. तिने आईचं बोट धरून डावीकडच्या बटणावर ठेवलं. पाण्यातला दिवा लागला.

"हा दिवा."

"म्हणजे ज्योत त्याच्या शेजारी?"

"असेल. मलाही नाही माहीत, आई."

आईने शेजारचं दाबलं. आत कुठेतरी काहीतरी घुमायला लागलं. तो हीटर की नुसता पंप, हे दोघींना कळेना. आईने बोट तिथून काढलं नाही. बऱ्याच वेळाने चौदाचे पंधरा झाले.

"हे," आई म्हणाली. "आता तिसरं."